झेंड्याचे नियम गावाच्या मराठीत लिहा

ऑगस्ट महिना लागला की विदर्भातल्या ग्रामपंचायतींत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत राष्ट्रध्वजाविषयीची परिपत्रके येऊ लागतात. ती मराठीत असतात, आणि तरीही ज्याच्या हाताने झेंडा चढणार आहे त्या शिपायाला, शिक्षकाला किंवा पाणीपुरवठ्याचे काम सांभाळून झेंड्याचा ओटा सारवणाऱ्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्याला त्यातल्या कित्येक वाक्यांवरून नेमके काय करायचे ते उमगत नाही. ‘ध्वजाच्या संदर्भाने उजवीकडे’, ‘शोभेकरिता वापर निषिद्ध’, ‘खाजगीरीत्या संपूर्णतः नष्ट करणे’ अशा धाटणीची ही मराठी मुळात दुसऱ्या भाषेत विचार करून नंतर मराठीत आणलेली असते. माझे म्हणणे असे की, झेंडे, निशाणे आणि राजचिन्हे यांच्यासाठी गावात आजही रोज वापरात असलेले शब्द शासनाने अधिकृत मानावेत, त्यांचे अर्थ एकदा नीट ठरवावेत आणि राष्ट्रध्वजाचे सगळे नियम त्याच शब्दांत नव्याने लिहावेत. ही केवळ भाषेची हौस नाही. ज्या नियमाच्या उल्लंघनासाठी शिक्षेची तरतूद आहे, तो नियम पाळणाऱ्याला कळेल अशा भाषेत असणे हा त्याचा हक्क आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. राष्ट्रध्वजाच्या अपमानाबद्दल १९७१च्या राष्ट्रीय सन्मान अपमान प्रतिबंध कायद्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची, दंडाची किंवा दोन्हींची तरतूद आहे. भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ रोजी लागू झाली आणि तेव्हापासून सामान्य नागरिकाला वर्षभर कोणत्याही दिवशी झेंडा लावण्याची वाट मोकळी झाली. जानेवारी २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीने यंत्रावर तयार झालेल्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. (कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ-वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या घरावर पॉलिएस्टरचा झेंडा लागावा, हे मला मनापासून खटकते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) जुलै २०२२मध्ये नागरिकांना उघड्यावर किंवा घरावर झेंडा रात्रंदिवस ठेवण्याची मुभा मिळाली आणि त्याच ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहिमेतून तो खेड्यापाड्यांतल्या कौलारू घरांवर पोचला. वीस वर्षांत झेंडा सरकारी इमारतीवरून निघून झोपडीच्या मेढीपर्यंत आला. त्याच्या नियमांची भाषा मात्र कचेरीतच राहिली.

वास्तविक आपल्या खेड्यांना झेंड्यांविषयी कोणी नव्याने शिकवावे अशी स्थिती नाही. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा वारकऱ्यांच्या खांद्यावर असते ती पताका. तिला कोणी झेंडा म्हणत नाही. पालखीवर धरतात ते छत्र, बाजूने चालते ती अबदागिरी, देवावर ढाळतात ती चवरी. दर्ग्याच्या उरुसात संदल निघतो तेव्हा त्याच्या पुढे असते ते निशाण, आणि मोहरमच्या सवारीत मिरवतो तो पंजा. बुद्धविहारावर लागतो तो पंचशील ध्वज, आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तरुणांच्या हाती असतो तो निळा झेंडा. या दोन्हींची गल्लत वस्तीतले पोरही करत नाही. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळच्या गोंड गावांत सप्तरंगी झेंडा आहे. पोळ्याच्या दिवशी बैल ज्याच्याखाली उभे राहतात ते आंब्याच्या पानांचे तोरण, पाडव्याला दारात उभारतात ती गुढी. राष्ट्रध्वजाला वंदन करण्याच्या प्रसंगासाठी तर आपल्याकडे एकच शब्द आहे आणि तो आहे झेंडावंदन. निमंत्रणपत्रिकेवर ‘ध्वजारोहण समारंभ’ छापलेले असले तरी वऱ्हाडातली आई पोराला सकाळी ‘ऊठ, झेंडावंदनाले जाणं हाय’ असेच म्हणते.

या शब्दांमध्ये नुसती विविधता नाही, त्यांत वर्गवारी आहे. वस्तू कशाची आहे, कोणाची आहे, कोणत्या प्रसंगी निघते, हातात धरायची की रोवायची की दोरीवर ओवायची, हे सगळे शब्दातच सांगितलेले आहे. परिभाषा यालाच म्हणतात. ती आयती हाताशी असताना परिपत्रक मात्र राष्ट्रध्वजापासून कागदी झेंडीपर्यंत सगळ्याला ‘ध्वज’ एवढेच म्हणते, आणि नेमक्या त्या ठिकाणी चुका घडतात.

सर्वांत मोठा घोटाळा उजव्या-डाव्याचा आहे. राष्ट्रध्वज भिंतीवर आडवा लावायचा असेल तर केशरी पट्टा वर असावा, हे सर्वांना ठाऊक आहे. उभा लावायचा असेल तर केशरी पट्टा झेंड्याच्या स्वतःच्या उजवीकडे, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डावीकडे यायला हवा. शाळेची भिंत रंगवणाऱ्या पेंटरला किंवा स्टेजमागे झेंडा टांगणाऱ्या मंडपवाल्याला ‘केशरी उजवीकडे’ एवढेच सांगितले तर तो आपल्या उजव्या हाताला केशरी देणार, आणि त्यात त्याचा काय दोष? गावात मी उलट्या क्रमाने रंगवलेले उभे झेंडे पाहिले आहेत. केशरी, पांढरा, हिरवा हे तिन्ही पट्टे मन लावून भरलेले, चोवीस आऱ्यांचे चक्र दोरा धरून आखलेले, आणि केशरी नेमका बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. एवढ्या श्रमानंतर कोणी शहाणा येऊन ‘हा अपमान आहे’ म्हणून फोटो काढतो तेव्हा त्या पेंटरला काय वाटत असेल! व्यासपीठावरही तोच प्रश्न येतो: काठीवरचा झेंडा वक्त्याच्या उजव्या हाताला हवा, प्रेक्षकाच्या नव्हे. मिरवणुकीतही चालणाऱ्यांच्या उजव्या हाताला.

ही अडचण केवळ आपली नाही. युरोपात बाराव्या शतकापासून सरदारांच्या ढालींवर चिन्हे रंगवली जाऊ लागली आणि त्यांच्या वर्णनाचे एक शास्त्रच तयार झाले. त्या शास्त्रात उजवे-डावे हे ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात, पाहणाऱ्याच्या बाजूने नव्हे. त्यासाठी त्यांनी लॅटिनमधून ‘डेक्स्टर’ आणि ‘सिनिस्टर’ असे वेगळे शब्दच घेतले, म्हणजे रोजच्या उजव्या-डाव्याशी गोंधळ होऊ नये. आपल्याला लॅटिनकडे जाण्याची गरज नाही. बैलजोडीतला उजवा बैल कोणता हे बैलाच्या तोंडाच्या दिशेने ठरते, समोरून येणाऱ्याच्या हाताने नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. नियमात ‘बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी’ असे सात-आठ वर्षांच्या मुलालाही कळेल असे वाक्य लिहिले की काम झाले. शब्द साधे आहेत म्हणून नियम ढिला होत नाही. उलट तो घट्ट होतो.

त्या युरोपीय शास्त्राकडून एक गोष्ट मात्र जरूर घेण्यासारखी आहे. तिथे चिन्हाचे चित्र दुय्यम असते आणि शब्दांतले वर्णन प्रमाण असते. ते वर्णन असे बांधलेले असते की ज्याने मूळ चिन्ह कधी पाहिलेले नाही अशा चित्रकारानेही केवळ वाचून ते अचूक काढावे. परिभाषेची खरी कसोटी हीच. तालुक्याच्या गावी पंचशील ध्वज शिवायला टाकताना ही कसोटी रोज लागते. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि नारंगी असे पाच उभे पट्टे काठीकडून क्रमाने येतात, आणि मोकळ्या टोकाला सहावा पट्टा येतो ज्यात तेच पाच रंग एकाखाली एक आडवे असतात. आता ‘काठीकडून’ आणि ‘मोकळ्या टोकाला’ हे दोन शब्द या वाक्यातून काढून पाहा. शिंपी सहावा पट्टा कुठे लावेल याची खात्री देता येणार नाही. हे दोन शब्द मी कोशातून आणलेले नाहीत. झेंडा बांधणारी माणसे असेच बोलतात.

इंग्रजीत झेंड्याच्या या दोन बाजूंना ‘होइस्ट’ आणि ‘फ्लाय’ म्हणतात, दोरीला ‘हॅलयार्ड’ म्हणतात. हे भारदस्त वाटणारे शब्द कुठल्या विद्यापीठात जन्मलेले नाहीत. जहाजावर दोर ओढणाऱ्या खलाशांच्या तोंडचे ते शब्द आहेत. झेंड्यांच्या अभ्यासाला स्वतंत्र नाव देखील १९५०च्या दशकात अमेरिकन अभ्यासक व्हिटनी स्मिथ यांनी दिले. शब्द मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कामकऱ्यांच्या जिभेवर होते. तिकडे श्रमिकांची बोली परिभाषा होऊ शकली, तर आपल्याकडे ती का होऊ नये? काठीकडची कड, मोकळी कड, काठीचा शेंडा, झेंड्याचा ओटा, कप्पी, दोरी: एवढ्या शब्दांत राष्ट्रध्वज बांधण्या-चढवण्याचे जवळजवळ सगळे सांगता येते. काठीकडच्या वरच्या कोपऱ्यासाठी ‘काठीकोपरा’ असा जोडशब्द करावा, एवढीच नवी भर मी सुचवीन. त्याने काय साधते ते पाहायचे तर २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत अनावरण झालेल्या भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजाचे वर्णन करून बघू. पांढऱ्या कापडावर काठीकोपऱ्यात तिरंगा. मोकळ्या कडेच्या बाजूला निळा अष्टकोन, त्याला दुहेरी सोनेरी किनार. आत नांगरावर राष्ट्रचिन्ह आणि खाली ‘शं नो वरुणः’ हे ब्रीदवाक्य. अष्टकोनाची कल्पना शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतलेली आहे. हे वर्णन वाचून भंडाऱ्याच्या शाळेतली सातवीची मुलगी तो ध्वज कागदावर काढू शकेल.

आता झेंडा बांधण्याकडे येतो, कारण सर्वाधिक अपघात तिथे होतात. चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात दोघेजण झेंडा उकलून धरतात, केशरी पट्टा कोणाच्या हाताशी आहे हे पाहतात, घड्या घालतात, आत फुलांच्या पाकळ्या ठेवतात. पाकळ्या ठेवण्याला ध्वजसंहितेची हरकत नाही. हरकत आहे ती ज्या काठीवर झेंडा आहे तिच्यावर किंवा तिच्या शेंड्यावर हार, फुले किंवा दुसरी काही वस्तू लावण्याला, आणि हा फरक फार थोड्या ठिकाणी माहीत असतो. मग घडीभोवती दोरीचे वेढे देऊन सुरगाठ मारतात, म्हणजे खालून एक झटका दिला की ती सुटावी. ती सुरगाठ न राहता निरगाठ झाली की पाहुणे दोरी ओढत राहतात आणि पाचशे डोळे वर लागलेले असतात. दोरीचे वरचे टोक झेंड्याच्या खालच्या टोकाला बांधले गेले तर हिरवा वर जातो. ‘मास्तर, वरची बाजू कोनती?’ हा प्रश्न विचारणारा माणूस अडाणी नसतो. तो जबाबदार असतो. त्याचे उत्तर परिपत्रकात नसते. परिपत्रकात ‘ध्वज उलटा फडकणार नाही याची दक्षता घ्यावी’ एवढीच तंबी असते. वास्तविक १९७१चा कायदाही केशरी खाली ठेवून झेंडा लावणे जाणूनबुजून केलेले असेल तरच त्याला अपमान म्हणतो. पण गावात एकदा मोबाइलवर चित्रफीत फिरली की हेतूची चौकशी कोणी करत नाही, आणि गरीब शिपायाला नोटीस जाते. त्या नोटिशीची शाई खर्च करण्याआधी ‘केशरी कडेचा फास दोरीच्या वरच्या टोकाला, हिरव्या कडेचा खालच्या टोकाला, आणि गाठ सुरगाठ’ असे एक वाक्य छापले असते तर?

‘अर्ध्यावर उतरविणे’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. दुखवट्याच्या दिवशी झेंडा सरळ अर्ध्यापर्यंत चढवून ठेवला जातो, कारण शब्द तेवढेच सांगतो. नियम असा आहे की झेंडा आधी काठीच्या शेंड्यापर्यंत न्यायचा, क्षणभर तिथे थांबवायचा आणि मग अर्ध्या काठीवर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा एकदा शेंड्याला नेऊनच खाली घ्यायचा. ‘शेंड्याला नेऊन अर्ध्या काठीवर’ असे म्हटले की कृती शब्दातच आली.

पताकेचे प्रकरण यापेक्षा नाजूक आहे. राष्ट्रध्वज शोभेसाठी, तोरण किंवा झालर म्हणून वापरू नये असा नियम आहे. दुसरीकडे पंधरा ऑगस्टला गल्लीवर रंगीत कागदांच्या पताका लावणे हा गावाच्या आनंदाचा भाग आहे, आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. केशरी, पांढरे आणि हिरवे कागद सुटे सुटे ओवले तर ती पताकांची माळ झाली. चक्रासकट छापलेले छोटे राष्ट्रध्वज दोरीवर ओवले तर ते राष्ट्रध्वजाचे तोरण झाले, आणि आक्षेप या दुसऱ्या प्रकाराला आहे. बाजारात दुसरा प्रकार सर्रास विकला जातो. समारंभ संपल्यावर पावसात भिजून तीच माळ नालीत पडलेली दिसते, आणि कागदी झेंडेही जमिनीवर टाकू नयेत असे सांगणारी संहिता धाब्यावर बसते. ‘पताका चालतील, झेंड्यांचे तोरण चालणार नाही’ हे गावातल्या कोणत्याही बाईला एका दमात समजेल, कारण पताका आणि झेंडा यांतला भेद तिच्या भाषेत आधीपासून आहे. ‘शोभेकरिता वापर निषिद्ध’ या वाक्यात तो भेदच पुसला गेला आहे.

आणि जीर्ण झेंड्याचे काय करायचे? फाटलेला, विटलेला राष्ट्रध्वज खाजगीत, संपूर्णपणे, शक्यतो जाळून नष्ट करावा असे संहिता सांगते. हे वाचून गावातला माणूस दचकतो, आणि दचकणे स्वाभाविक आहे. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेस पडेल असा झेंडा जाळणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे त्याने ऐकलेले असते. ‘झेंडा जाळा’ हे शब्द उच्चारायलाही त्याची जीभ धजत नाही. परिणामी शाळेच्या लोखंडी कपाटात जुन्या झेंड्यांच्या घड्या साठतात, त्यांना कसर लागते, उंदीर कुरतडतात. मराठीला मात्र यावर तोडगा ठाऊक आहे. आपण माणसाला जाळत नाही, अग्नी देतो. मूर्ती पाण्यात टाकत नाही, विसर्जन करतो. ‘जीर्ण झेंड्याला चारचौघांच्या नजरेआड, आदराने, पूर्ण अग्नी द्यावा’ असे लिहिले तर कोणत्याही मुख्याध्यापकाला ते करताना संकोच वाटणार नाही, आणि नियमाचा आशय तिळभरही बदलणार नाही. उलट मूळ नियमाला जो आदर अभिप्रेत आहे, तो याच शब्दांतून पुरता व्यक्त होतो.

झेंड्यांइतकाच गोंधळ राजचिन्हांच्या नावांत आहे. सारनाथच्या स्तंभशीर्षावरून घेतलेले सिंहांचे चिन्ह २६ जानेवारी १९५० रोजी भारताने स्वीकारले. त्याला आपण कधी राजमुद्रा म्हणतो, कधी राजचिन्ह, कधी अशोकस्तंभ, कधी नुसता शिक्का. मुद्रा म्हणजे जी उमटवायची ती. शिवछत्रपतींची ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही खरी मुद्रा; महाराष्ट्र शासनाचीही मुद्रा आहे, तिच्यावर समई आहे आणि भोवती त्याच श्लोकाच्या धर्तीवरची ओळ आहे. सिंहांचे ते राष्ट्रचिन्ह. संस्थेचे असते ते बोधचिन्ह, आणि मतपत्रिकेवर असते ती निशाणी. हा शेवटचा शब्द तर गावाने स्वतः घडवला आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षांची चिन्हे नसतात, उमेदवाराला कपबशी किंवा शिट्टीसारखी निशाणी मिळते, आणि निरक्षर आजीसुद्धा ती अचूक ओळखते. चिन्ह वाचण्याचे कसब आपल्या लोकांत किती मुरलेले आहे याचा याहून मोठा पुरावा नको. असे असताना गावोगावचे पुढारी आपल्या लेटरहेडवर आणि गाडीवर सिंह छापतात, ते ‘सरकारी शिक्का’ आहे अशा समजुतीने. २००५च्या कायद्यानुसार अनधिकृत वापराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राष्ट्रचिन्ह राष्ट्राचे, पुढाऱ्याचे नाही, हा बोध योग्य नावातून आपोआप होतो.

चिन्हांची ही परंपरा इथे परकीही नाही. चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर गोंड राजांचे राजचिन्ह कोरलेले आहे: हत्तीला पंज्याखाली दाबणारा सिंह. अभ्यासक त्याला गजशार्दूल म्हणतात. जटपुरा दरवाजातून रोज हजारो लोक जातात, दुचाकींच्या गर्दीत मान वर करायला सवड नसते. पण एकदा थांबून पाहावे. सिंहाचा आवेश, त्याच्या तुलनेत मुद्दाम लहान दाखवलेला हत्ती, दरवाजाच्या दोन्ही अंगांना आरशातल्यासारखी समोरासमोर येणारी रचना. हे केवळ शोभेचे कोरीव काम नाही. या वेशीच्या आत कोणाचे राज्य चालते हे सांगणारा तो दगडातला मजकूर आहे. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर शार्दूल दरवाजा आहे, त्यावर गंडभेरुंड हा दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी कोरलेला आहे. वऱ्हाडची इमादशाही स्थापणारा फतहुल्ला इमादुल्मुल्क मूळचा विजयनगरच्या मुलखातला, आणि गंडभेरुंड हे तिकडच्या राजसत्तेचे आवडते चिन्ह. म्हणजे एक चिन्ह माणसाबरोबर तुंगभद्रेकाठून मेळघाटापर्यंत चालत आले. आमच्या मुलांना या दोन्ही चिन्हांची नावे आणि वर्णन करण्याचे शब्द शाळेत मिळत नाहीत, ही खंत आहे. युरोपच्या ढालींवरच्या रंगांची आणि पशूंच्या पवित्र्यांची शेकडो नावे भाषांतरित करून त्यांच्या डोक्यावर लादण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे. ते शास्त्र ढालीवर वाढले. आपले छत्र, चामर, काठी आणि मुद्रा यांवर वाढले. परिभाषा वस्तूच्या मागे जावी.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रतिष्ठेचा. ‘झेंडा’ हा शब्द हलका आहे, राष्ट्राच्या मानबिंदूला ‘ध्वज’च शोभतो, असे सांगितले जाते. नागपूरच्या भूमीवर उभे राहून तरी कोणी असे म्हणू नये. १९२३च्या मे महिन्यात नागपुरात सुरू झालेल्या लढ्याचे नाव झेंडा सत्याग्रह असे आहे. सिव्हिल लाइन्सच्या भागात राष्ट्रीय झेंडा घेऊन मिरवणुकीने जाण्यास ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मनाई केली, आणि ती मोडण्यासाठी वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज निघू लागल्या. बजाजांना अटक झाल्यावर पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. देशभरातून स्वयंसेवक आले, हजाराहून अधिक माणसे तुरुंगात गेली, आणि अखेर ऑगस्टमध्ये झेंडा त्या रस्त्याने गेला. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाले आणि गोळीबारात पडले. त्याच दिवशी चिमूर पेटले. त्या माणसांनी ज्या शब्दासाठी छाती पुढे केली, त्या शब्दाला हलका म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारलेल्या राष्ट्रध्वजाला ‘राष्ट्रध्वज’ हे नाव खुशाल राहावे. ते सुंदर आहे आणि रुळलेले आहे. पण ‘झेंडा’, ‘झेंडावंदन’, ‘काठी’, ‘शेंडा’ हे शब्द त्याच्या नियमांत आल्याने राष्ट्रध्वज खाली येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. गावाची मराठी एक नाही. वऱ्हाडात एक शब्द, झाडीपट्टीत दुसरा, नागपूरकडे तिसरा. मग प्रमाण कोणता धरायचा? हे खरे आहे, आणि म्हणूनच हे काम मुंबईत बसून होणार नाही. भाषा संचालनालयाने १९६०पासून परिभाषेचे मोठे काम केले आहे. त्याच्याकडे पद्धत आहे, पण या विषयाचे शब्द गोळा करायचे तर शिक्षक, शिंपी, पेंटर, मंडपवाले, दिंडीचे विणेकरी, विहारांचे आणि दर्ग्यांचे कार्यकर्ते, गोंड समाजातले भूमक (गावचे पुजारी) यांच्याकडेच जावे लागेल. जो शब्द अधिकांत अधिक भागांत कळतो तो धरावा, आणि जिथे दोन शब्द तुल्यबळ असतील तिथे दोन्ही छापावेत. एटापल्ली, भामरागडच्या माडिया गावांत आणि मेळघाटातल्या कोरकू गावांत तर मराठीच दुसरी भाषा आहे. तिथल्या शाळांसाठी हेच नियम माडिया-गोंडीत आणि कोरकूत, देवनागरी लिपीत, दिले गेले पाहिजेत. झेंडा सर्वांचा म्हणायचा आणि त्याचे नियम काहींनाच कळतील असे ठेवायचे, हे बरे नव्हे.

तिसरी शंका अशी की, गावातल्या चौकात कोणता झेंडा लागावा यावरून जे तंटे होतात, ते शब्दांनी मिटणार आहेत का? नाही मिटणार. त्या तंट्यांमागे जात आहे, जमीन आहे, निवडणूक आहे. तरीही मी एवढे म्हणेन की शब्दांचा गोंधळ त्या आगीत तेल ओततो. ‘ध्वजाचा अवमान’ अशी बातमी पसरते, आणि तो राष्ट्रध्वज होता, पंथाचा झेंडा होता, पक्षाचा होता, की मिरवणुकीनंतर काढायची राहिलेली पताका होती, हे कळायच्या आत जमाव जमतो. राष्ट्रध्वजाला असलेले कायद्याचे संरक्षण वेगळे, आणि सार्वजनिक जागेवर इतर झेंडा उभारण्याच्या परवानगीचा प्रश्न वेगळा. राष्ट्रध्वजाच्या काठीवर दुसरा कोणताही झेंडा लावायचा नाही आणि त्याच्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा ठेवायचा नाही, हा नियम सर्व झेंड्यांना सारखाच लागू आहे, मग तो रंग कोणाच्याही श्रद्धेचा असो. पोलीस पाटील, तंटामुक्ती समिती आणि स्थानिक वार्ताहर यांनी निदान नाव अचूक घेण्याची शिस्त पाळली तरी काही गावांतला एखादा प्रसंग टळेल.

काम फार मोठे नाही. शाळेच्या भिंतीवर लावता येईल एवढा एक फलक पुरेसा आहे: झेंड्याचे चित्र, त्यावर काठीकडची कड, मोकळी कड आणि शेंडा यांची नावे; भिंतीवर आडवा आणि उभा लावण्याची दोन चित्रे, बघणाऱ्याच्या हाताच्या खुणेसह; सुरगाठीचे रेखाटन; अर्ध्या काठीची रीत; पताका आणि झेंड्यांचे तोरण यांतला फरक; जीर्ण झेंड्याला अग्नी देण्याविषयी दोन वाक्ये. जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग हा फलक एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तयार करू शकतो, आणि पुढच्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तो मोठ्याने वाचून दाखवता येईल. वाचताना लोक जिथे थांबवतील आणि ‘आमच्याकडे याले असं म्हनतेत’ म्हणून सांगतील, तो शब्द ग्रामपंचायत अधिकाऱ्याने टिपून तालुक्याला पाठवावा. दुसऱ्या वर्षीचा फलक त्या टिपणांवरून दुरुस्त करून छापावा.